पाने गुंडाळणारी अळी: झाड उघडे असतानाच फांद्या तपासा

सफरचंद, नाशपती, चेरी, जर्दाळू या झाडांवरची 'आर्चिप्स आर्जिरोस्पिला' ही अळी बहुतेकांच्या नजरेस पडते ती पाने गुंडाळली गेल्यावर. तेव्हा फवारा गुंडाळीच्या आत नीट पोहोचत नाही. म्हणून पालवी फुटण्याआधीच बागेत एक फेरी मारा.

या किडीची वर्षाला एकच पिढी होते. तिचा मादी पतंग उन्हाळ्यात खोडावर आणि फांद्यांवर अंडी घालतो आणि ती थेट पुढच्या वसंतात फुटतात. अंडीपुंज चपटा, राखाडी-पांढुरका, सालीला घट्ट चिकटलेला असतो. नवख्याला सालीवरचा डागच वाटेल. भिंगातून पाहा. बारीक छिद्रे असतील तर अळ्या कधीच बाहेर पडल्या आहेत, पुंज अखंड असेल तर धोका पुढे आहे. छाटणीत असे पुंज असलेल्या काड्या निघाल्या तर त्या बागेत पडू देऊ नका.

पुंज जास्त असतील तर पालवी फुटण्यापूर्वी फळझाडांसाठीचे खनिज तेल फवारा. तेल अंड्यांवर प्रत्यक्ष बसले तरच काम करते, तेव्हा खोड आणि बेचके सगळीकडून भिजली पाहिजेत. प्रमाण लेबलवरचेच घ्या. झाड पाण्याच्या ताणावर असेल किंवा कडाका पडणार असेल तर थांबा. गंधकाच्या फवारणीच्या आगेमागे तेल मारू नका, पाने करपतात.

तेलातून काही अंडी वाचतातच. कळ्या उमलू लागल्या की झुबके हाताने उकलून बघा. आत हिरवी, काळसर डोक्याची अळी असते. डिवचली की वळवळत मागे सरते आणि धाग्याला लोंबकळते. मोठे झाड थोडी पाने गेली तरी सावरते. खरे नुकसान कोवळ्या फळाचे: कुरतडलेले फळ गळते, टिकले तर त्यावर खोल, खरबरीत, तांबूस व्रण राहतो आणि ते विक्रीतून बाद होते.

अळ्या लहान असतानाच बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून केलेले कीटकनाशक, फवारा. ते पोटात गेले तरच अळी मरते आणि उन्हाने त्याचा जोर लवकर ओसरतो. म्हणून संध्याकाळी फवारा आणि आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा एक हात द्या. फुलोऱ्यात मधमाश्यांना मारणारी कीटकनाशके अजिबात नकोत. त्यांनी किडींच्या अंड्यांवर वाढणाऱ्या ट्रायकोग्रामासारखे मित्रकीटकही मरतात.

लहान रोपांवर मात्र औषधाची वाट बघू नका. गुंडाळलेले पान दिसले की बोटांनी चिरडा.