सर्व्हर सांभाळणाऱ्यानं डीबीए कसं व्हायचं

भाऊ, चार-पाच वर्षं लिनक्स सर्व्हर सांभाळले असतील तर डीबीएचं, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याचं, अर्धं काम तुले येतेच, डिस्क, मेमरी, परमिशन, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप काम चालवनं) सगळं तिथंही लागते. उरलेलं अर्धं शिकाले पुण्याले जा लागत नाही, मी दारव्ह्यात घरीच जुन्या डेस्कटॉपवर उबंटू लिनक्स अन् पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर टाकून शिकलो. फुकट आहे, लायसनची भानगड नाही.

पहिले एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसले माहिती मागाची भाषा. कापसाच्या आवकेचा टेबल बनव, शेतकरी, तारीख, क्विंटल, भाव, अन् जनरेट सिरीज या आकडे बनवनाऱ्या फंक्शननं त्यात 10 लाख ओळी भर. मग एकाच शेतकऱ्याच्या नोंदी काढ अन् क्वेरीच्या समोर एक्सप्लेन ॲनालाइझ लाव, क्वेरी कशी चालली ते ते सांगते, पूर्ण टेबल वाचून राहिला हे दिसन. शेतकऱ्याच्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखा, ओळ लवकर सापडाले) टाकून पुन्हा चालव. पण ध्यानात ठेव, एक्सप्लेन ॲनालाइझ क्वेरी खरंच चालवते, डिलीटले लावलं तर ओळी उडतात, म्हणून आधी बिगिन अन् मंग रोलबॅक, म्हणजे केलेला बदल मागं फिरते.

सगळ्यात जास्त वेळ रिस्टोरले, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत चढवाले, दे. मी होतो तिथं रोज रात्री पीजी डम्प (पोस्टग्रेसचा बॅकअप) निघे, फाईल बनली का एवढंच आम्ही पाहो. एक दिवस डिस्क गेली, नव्या मशीनवर डेटा तर चढला पण ॲप्लिकेशन लॉगिनच होईना, कारण पीजी डम्प एकाच डेटाबेसचा असते, युजर अन् रोल (कोणाले काय कराची परवानगी ते) त्यात येतच नाहीत, ते पीजी डम्पऑलनं वेगळे काढा लागतात. पूर्ण रात्र आम्ही रोल हातानं बनवत बसलो. तवापासून दर रविवारी दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करतो अन् किती मिनिटं लागले ते वहीत लिहितो, इंटरव्ह्यूत हाच आकडा कामी आला.

आपल्याकडं लाईट जातेच, त्याचाही अभ्यास कर. डेटा भरनं चालू असताना घरच्या मशीनचा प्लग काढ, चालू केल्यावर लॉग वाच, वॉलमधून (बदल आधी जिथं लिहिले जातात ती नोंदवही) रिकव्हरी कशी होते अन् कमिट झालेल्या ओळी जागेवर कशा राहतात ते दिसते. एफसिंक, म्हणजे डेटा खरंच डिस्कवर लिहून घेनारी सेटिंग, मात्र कधीच बंद करू नको.

सिसॲडमिनची एक सवय सोड, रॅम दिसली की सेटिंग वाढवनं. वर्क मेम, म्हणजे सॉर्टसारख्या कामाले मिळनारी मेमरी, मुळात 4 एमबी असते, पण ती प्रत्येक सॉर्टले वेगळी लागते, 100 कनेक्शनवर 512 एमबी केली तर मशीन खाली बसन.

आता आहे त्याच नोकरीत साहेबाले म्हण, बॅकअपची जबाबदारी माझ्याकडं द्या.