पूर्ण भुलेत व्हेंटिलेटरच्या पद्धतींची तुलना कशी करावी

पूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल केल्यावर रुग्णाचा श्वास यंत्राच्या हाती जातो. त्या वेळी ‘व्हॉल्यूम कंट्रोल चांगले की प्रेशर कंट्रोल’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. प्रत्येक पद्धतीत आपण एक गोष्ट ठरवून देतो आणि दुसरी मोकळी राहते: व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये श्वासाचे आकारमान ठरते आणि दाब मोकळा राहतो, प्रेशर कंट्रोलमध्ये याच्या उलट. त्यामुळे मोकळी राहणारी गोष्ट कोणती, हे ओळखून तिच्यावर नजर ठेवणे हीच तुलनेची पहिली पायरी होय.

पद्धत निवडण्यापूर्वी टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात आत जाणाऱ्या हवेचे प्रमाण, ठरवावे आणि ते प्रत्यक्ष वजनावरून न काढता उंचीवरून काढावे, कारण वजन वाढले तरी फुप्फुसे वाढत नाहीत. सेंटिमीटरमधील उंचीतून १५२.४ वजा करून उरलेल्या आकड्याला ०.९१ ने गुणावे आणि त्यात स्त्रियांसाठी ४५.५, पुरुषांसाठी ५० मिळवावेत. पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १६० सेंटिमीटर उंचीच्या, ८५ किलो वजनाच्या स्त्रीचे अपेक्षित वजन असे सुमारे ५२ किलो येते. किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर या हिशेबाने तिला साधारण ३१५ ते ४२० मिलिलिटरचा श्वास पुरतो. प्रत्यक्ष वजन धरून ८ ने गुणले, तर ६८० मिलिलिटरचा श्वास दिला जाईल, आणि ही चूक कोणतीही पद्धत निवडली तरी भरून निघत नाही.

आता याच रुग्णाच्या पोटात वायू भरला, छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला गेला आणि फुप्फुसे ताठर झाली, असे समजा. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये श्वास तेवढाच राहतो, पण दाब चढतो. प्रेशर कंट्रोलमध्ये दाब तोच राहतो, पण श्वास लहान होतो आणि एंड-टायडल, म्हणजे उच्छ्वासाच्या अखेरीस मोजलेला, कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो. शेवटी वायू सोडला की उलटे घडते: मधल्या काळात वाढवलेला दाब कमी करायचे राहून गेले, तर श्वास एकाएकी मोठा होतो. हा क्षण घाईचा असल्याने तो सहज नजरेतून सुटतो. म्हणून प्रेशर कंट्रोल वापरताना मिनिट व्हॉल्यूमच्या (मिनिटभरातल्या एकूण हवेच्या) अलार्मच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही मर्यादा लावाव्यात.

प्रेशर कंट्रोलमध्ये शिखर-दाब कमी दिसतो, म्हणून ते सुरक्षित, असे अनेकदा सांगितले जाते. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. शिखर-दाबात श्वासासाठी घातलेल्या नळीचा आणि श्वासमार्गाचा अडथळाही मोजला जातो, तर फुप्फुसांवरचा ताण प्लॅटो दाबावरून, म्हणजे हवेचा प्रवाह थांबल्यावर उरणाऱ्या दाबावरून, कळतो. म्हणून टायडल व्हॉल्यूम, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राखलेला दाब) आणि श्वासांची गती सारखी ठेवून, श्वास आत गेल्यावर क्षणभर थांबवून प्लॅटो मोजावा आणि त्यातून पीप वजा करून ड्रायव्हिंग प्रेशर काढावे. प्रेशर कंट्रोलमध्ये श्वासाच्या अखेरीस प्रवाह शून्यावर येतो की नाही, हेही पाहावे. तो येत नसेल, तर ठरवलेला दाब प्लॅटो म्हणून धरता येत नाही. ठरवलेल्या व्हॉल्यूमसाठी दाब आपोआप बदलणारी पद्धत सोयीची असली, तरी तिथेही हेच मोजमाप करावे.

पीपबद्दल मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ४०० रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान श्वास, ६ ते ८ सेंटिमीटर पाण्याचा पीप आणि ठरावीक वेळाने फुप्फुसे उघडण्याची क्रिया यांमुळे मोठ्या गुंतागुंती २७.५ टक्क्यांवरून १०.५ टक्क्यांवर आल्या. पण तिन्ही उपाय एकत्र केलेले असल्याने श्रेय कुणा एकाला देता येत नाही. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दोन्ही गटांना लहान श्वास होता. त्यात १२ चा पीप २ किंवा त्याहून कमी पीपपेक्षा सरस ठरला नाही, उलट रक्तदाब अधिक वेळा घसरला. म्हणून ५ च्या आसपास सुरुवात करून एका वेळी थोडा वाढवावा आणि ड्रायव्हिंग प्रेशर उतरते की चढते, तसेच रक्तदाब टिकतो का, हे पाहून थांबावे.

रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागला की प्रेशर सपोर्टवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या श्वासाला दाबाने मदत करणाऱ्या पद्धतीवर, जावे, बॅकअप श्वासांची गती आधीच लावून ठेवावी आणि स्नायूंची ताकद परतल्याची खात्री मॉनिटरवर केल्याशिवाय नळी काढू नये.