घराचा विमा: पॉलिसी समजून घेण्यापासून क्लेम मिळेपर्यंत

गृहकर्जाच्या वेळी बँकेत विम्याच्या एका अर्जावर सही केली होती, म्हणजे घराचा विमा झालाच, असं पुण्यातली कितीतरी कुटुंबं धरून चालतात. अनेकदा तो विमा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदाराचं बरंवाईट झालं तर कर्ज फिटतं, पण घरात पाणी शिरलं किंवा आग लागली तर त्यातून काहीच मिळत नाही. म्हणून आधी कर्जाची फाइल काढा आणि त्या पॉलिसीवर विमा कशाचा आहे ते वाचा. लगोलग सोसायटीच्या सेक्रेटरींकडेही चौकशी करा. सोसायटीने इमारतीचा विमा काढला असेल तर तो किती रकमेचा आहे आणि त्याचं नूतनीकरण झालं आहे का, हे विचारा. तो साधारणपणे बांधकामापुरता असतो. तुमचं स्वयंपाकघराचं फर्निचर, फ्रिज, टीव्ही, कपाटं त्यात येत नाहीत.

काय मिळतं, काय नाही

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी सुरू झाली. कंपनी कोणतीही असो, तिच्या मूळ अटी सारख्याच असतात. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर येऊन काठच्या घरांत पाणी शिरलं, किंवा 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत मुठेचं पाणी शिरलं, तसं नुकसान या संरक्षणात बसतं. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना पुराची भीती नसली, तरी वरच्या फ्लॅटमधला पाइप फुटू शकतो.

वर्षानुवर्षं झिरपून आलेली ओल, जुन्या बांधकामाची झीज याचे पैसे मिळत नाहीत. साध्या घरफोडीचेही नाहीत. पॉलिसीत बसणारी आपत्ती आल्यावर सात दिवसांच्या आत तिच्यामुळे चोरी झाली तरच ती धरली जाते. घरफोडीसाठी वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं, दागिन्यांसाठीही तसंच. पार्किंगमध्ये बुडालेली गाडी गाडीच्या पॉलिसीतून भरून निघते, घराच्या नाही. मुलं परदेशात आणि आईवडील महिनोन्महिने त्यांच्याकडे, अशी घरं पुण्यात पुष्कळ आहेत. बंद घराबद्दल काय अट आहे, हे तुमच्या पॉलिसीत शोधा आणि गरज असेल तर कंपनीला आधी लेखी कळवा. घर भाड्याने दिलं असेल तर तेही सांगा.

विमा रक्कम ठरवताना

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. फ्लॅटची बाजारातली किंमत आणि विम्याची रक्कम यांचा संबंध नाही. कोथरूडमधल्या फ्लॅटची निम्म्याहून अधिक किंमत जागेची असू शकते आणि जमीन काही जळत नाही. विमा काढायचा तो पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा. समजा चटई क्षेत्र (कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा) 700 चौरस फूट आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला 2,500 रुपये, तर रक्कम 17.5 लाख. फ्लॅट 90 लाखांचा असला तरी हिशेब हाच. दर तुमच्या भागातल्या आर्किटेक्टकडून किंवा कॉन्ट्रॅक्टरकडून विचारून घ्या.

या पॉलिसीत घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. वरच्या उदाहरणात ते साडेतीन लाख होतात. एवढ्यात भागणार नसेल तर सामानाची यादी देऊन रक्कम वाढवून घ्या.

पावसाळ्याआधीची तयारी

मोबाइलवर घराचा व्हिडिओ काढा. एकेक खोली, कपाटं उघडून, यंत्रांवरचे अनुक्रमांक दिसतील असा. खरेदीची बिलं, इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मिळकत कराची पावती आणि पॉलिसी यांचे फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवा आणि एका नातेवाइकाकडेही ठेवा. तळमजल्यावर राहत असाल तर हे आजच करा. पाणी चढतं तेव्हा कागदाची फाइल सगळ्यात आधी भिजते.

नुकसान झाल्यावर

माणसं सुरक्षित झाली की मेन स्विच बंद करा आणि कंपनीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी कळवा. क्लेम क्रमांक लिहून घ्या, पाठोपाठ ईमेलही करा. आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, चोरी असेल तर पोलिसांत एफआयआर. पुरानंतर सरकारी पंचनामा झाला तर त्याची प्रत मागून ठेवा. सरकारी मदत वेगळी आणि क्लेम वेगळा, पण पाणी आलं होतं याचा तो पुरावा होतो.

पुरानंतर घर धुऊन काढायची घाई असते आणि चिखलाने माखलेल्या गाद्या, सोफे कचऱ्याच्या गाडीत जातात. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला कंपनी पाठवते त्या माणसाने, पाहायच्या आधी ते गेले तर त्यांचं नुकसान सिद्ध करणं फार अवघड होतं. म्हणून भिंतीवरची पाण्याची रेघ मोजपट्टी लावून फोटोत घ्या, प्रत्येक वस्तूचा फोटो काढा आणि खराब सामान गच्चीत किंवा एका कोपऱ्यात साठवा. कुजायला लागलेल्या वस्तू टाकणं भागच असेल तर फोटोंसह ईमेल करून परवानगी मागा. मात्र नुकसान वाढू न देणं ही तुमचीही जबाबदारी आहे. गळतं छप्पर ताडपत्रीने झाका, फुटलेला नळ बंद करून घ्या आणि त्या खर्चाच्या पावत्या ठेवा.

सर्व्हेअर आला की त्याच्यासोबत खोली-खोली फिरा. दुरुस्तीचं लेखी कोटेशन तयार ठेवा. रक्कम फुगवू नका, कारण एक खोटी वस्तू सापडली तर सगळ्या क्लेमवर पाणी पडतं.

क्लेम नाकारला तर

कोणत्या अटीखाली नाकारला किंवा कमी केला, ते लेखी मागा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रतही मागा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जा. त्यांचं कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे घेतल्या जातात. फक्त कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करा.