पार्लरमधला मुरलेला थकवा: तो कसा ओळखावा आणि काय करावे

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींचा डबा उभ्या उभ्या, दोन क्लायंटच्या मध्ये, संपवला जातो. हंगामातला हा थकवा सुट्टीच्या दिवशी पोटभर झोपल्यावर उतरत असेल तर काळजीचे कारण नाही. उतरत नसेल, तर मात्र तो मुरला आहे असे समजावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगवर्गीकरणात अशा मुरलेल्या थकव्याची, म्हणजे 'बर्नआउट'ची, नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामातून उद्भवणारी अवस्था म्हणून केली आहे. अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल मनात तिटकारा किंवा परकेपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागणे, ही तिची तीन लक्षणे होत. एरवी आवडणारी क्लायंट दारात दिसताच कपाळाला आठी पडते, तेव्हा दुसरे लक्षण सुरू झालेले असते, आणि माझ्या मते तेच सर्वांत आधी ओळखायला हवे.

पंधरा दिवस एका वहीत रोज चार गोष्टी लिहाव्यात: आल्याची आणि सुटल्याची वेळ, जेवणाची वेळ, केलेली कामे आणि सर्वांत जास्त कशाने दमलो. थकव्याचे कारण शरीराचे असेल तर उपाय सोपा असतो. थ्रेडिंग करताना दोऱ्याचे एक टोक दातांत असते, मान पुढे झुकलेली असते, आणि दिवसभरात अशा कितीतरी भुवया होतात. म्हणून खुर्ची आधी उंच करून घ्यावी आणि क्लायंटचे डोके मागे टेकवावे, म्हणजे आपल्याला वाकावे लागत नाही.

मनाचा शीण अधिक खोल असतो, कारण समोरची बाई फेशियल करून घेता घेता घरातली दुःखे सांगते आणि आपण चेहरा हसरा ठेवून ती ऐकत राहतो. ऐकावे, पण तोडगा काढण्याचे ओझे अंगावर घेऊ नये. ती गेल्यावर पुढच्या क्लायंटआधी दहा मिनिटे मोकळी मिळावीत, ही मागणी वही दाखवून मालकिणीकडे करावी. नुसत्या तक्रारीपेक्षा लिहिलेल्या वेळा अधिक पटतात. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७ च्या, साप्ताहिक सुट्टीची आणि जादा कामाला दुप्पट दराने मोबदल्याची तरतूद आहे. लहान पार्लरना हा कायदा सरसकट लागू होत नाही, म्हणून आपल्या पार्लरला तो लागू आहे का, हे कामगार कार्यालयात विचारून घ्यावे.

रोज तेच वॅक्सिंग करून हात यंत्रासारखे चालू लागले असतील, तर नववधूच्या मेकअपला मदतनीस म्हणून उभे राहू देण्याची विनंती करावी; नवे काही शिकताना कामाची गोडी परत येते, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे.

झोप उडाली असेल, रडू आवरत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.