दोन मीटरपलीकडचं न दाखवणारी लेन्स आणि इतर स्वस्त उद्योग

माझी पहिली जुनी लेन्स दोन मीटरपलीकडचं काही दाखवायलाच तयार नव्हती. समोर खुर्चीत बसलेला माणूस स्वच्छ, आणि खिडकीबाहेरचं झाड म्हणजे नुसता हिरवा लगदा. फोकस रिंग टोकापर्यंत फिरवली, उलटी फिरवली, शेवटी लेन्सच खराब निघाली म्हणून विकणाऱ्याला चार शब्द सुनावले. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. गणित माझं चुकलं होतं, आणि पोटापाण्यासाठी मी करते काय, तर दुसऱ्यांचे हिशेब तपासते.

ते गणित आधी सांगते, कारण स्वस्त लेन्सच्या नादात माझे पैसे वाया गेले ते बहुतेक इथेच. कॅमेऱ्याच्या ज्या कडीवर लेन्स बसते ती कडी (माउंट) आणि आतला सेन्सर यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. एम४२ आट्यांच्या, म्हणजे स्क्रूसारख्या फिरवून बसवायच्या जुन्या लेन्स ४५.४६ मिलिमीटर अंतर धरून बनवलेल्या आहेत. माझा तेव्हाचा कॅमेरा निकॉन एफ माउंटचा, त्याचं अंतर ४६.५. म्हणजे लेन्स मुळातच मिलिमीटरभर पुढे, त्यात अॅडॉप्टरच्या, म्हणजे मधल्या जोडकडीच्या, जाडीची भर. एवढ्याशा फरकाने लांबचं सगळं फोकसबाहेर गेलं. मधे काच बसवलेले अॅडॉप्टर मिळतात, त्यांनी लांबचं फोकस होतं, पण स्वस्तातली ती काच सगळं चित्र मऊ करून टाकते. कॅनन ईएफचं अंतर ४४ मिलिमीटर, तिथे साध्या कडीने भागतं. फक्त मोठ्या सेन्सरच्या फुलफ्रेम बॉडीत काही लेन्सचा मागचा भाग कॅमेऱ्यातल्या आरशाला घासतो, तेवढं आधी विचारून घ्या. मिररलेस, म्हणजे आत आरसाच नसलेला कॅमेरा असेल तर ही चिंताच नाही. सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६. एवढ्या कमी अंतरामुळे एसएलआर, म्हणजे आरशावाल्या कॅमेऱ्यांची जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स नळीसारख्या अॅडॉप्टरवर चढते. थोडक्यात, लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त हवं. खरेदीआधी हे दोन आकडे कागदावर मांडायचे.

ती लेन्स मात्र मी परत केली नाही. हेलिओस ४४-२, फोकल लेंग्थ (किती जवळचं दाखवते तो आकडा) ५८ मिलिमीटर, एफ/२. एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, मोठं. दोन मीटरच्या आत ती फार छान चालायची, म्हणून वर्षभर मी दोन मीटरच्या आतलेच फोटो काढले: बंद पडलेलं मनगटी घड्याळ, गंजलेली कडी, वेलीची पानं, झोपलेलं मांजर. लांबचं काढायची सोय नव्हती म्हणून जवळचं पाहायला लागले, असंच म्हणा ना.

घेण्याआधी टॉर्च

जुनी लेन्स पाहताना अॅपर्चर पूर्ण उघडायचं आणि मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा. धुळीचे कण दिसतीलच, ते सोडून द्या. फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. मी तरी अशी लेन्स घेत नाही आणि बाकीच्या लेन्सशेजारी ठेवतही नाही. सगळी काच एकसारखी धुरकट दिसली तर कॉन्ट्रास्ट गेलाच म्हणून समजा. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा परवडतो, मागच्या काचेवरचा नाही. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसलं तर पाती झटकन मिटतात का ते बघा. ४४-२ सारख्या लेन्समध्ये पाती हातानेच फिरवायची असल्यामुळे थोडं तेल चालून जातं.

काच पिवळट दिसली तर लगेच नाक मुरडू नका. ५० मिलिमीटर एफ/१.४ च्या काही जुन्या ताकुमार लेन्समध्ये थोरियम मिसळलेली काच आहे, आणि ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अतिनील प्रकाशात किंवा उन्हात काही दिवस ठेवली की हा पिवळेपणा बराच उतरतो. थोरियम किरणोत्सारी असतं, त्यामुळे अशी काच फोडायची नाही, घासायची नाही. उन्हात ठेवताना लेन्सच्या मागे अॅल्युमिनियम फॉइल लावायला विसरू नका. मी विसरले होते. शेवटी लेन्स म्हणजे भिंगच, आणि आमच्या पडद्याला वाटाण्याएवढं भोक पडलं.

एक दुपार, एकच लेन्स

नवी लेन्स आली की मी पहिले फोटो हौसेचे काढत नाही, चाचणीचे काढते. त्याआधी मेनूत दोन गोष्टी करायच्या. लेन्स नसतानाही शटर चालू राहील अशी सेटिंग असते, ती चालू करा; नाहीतर कॅमेरा हाताने फिरवायच्या लेन्सला लेन्स मानतच नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) असेल तर लेन्सची फोकल लेंग्थ आकड्यात भरा. मी एकदा ५८ ऐवजी आधीच्या लेन्सचे १३५ तसेच राहू दिले आणि सगळे फोटो हलले. दोष कितीतरी दिवस माझ्या हाताला देत होते.

मग ट्रायपॉड, सव्वा मीटरवर घड्याळ, आणि त्याच्या मागे चार-पाच मीटरवर पानांची दाट जाळी, जिच्यातून उजेडाचे ठिपके दिसतील अशी. अॅपर्चर २, २.८, ४, ५.६, ८. अशा लेन्सला विजेचे संपर्क नसतात, त्यामुळे फोटोच्या माहितीत अॅपर्चरचा आकडा उमटत नाही. म्हणून प्रत्येक फोटोआधी आकडा लिहिलेली चिठ्ठी लेन्ससमोर धरून एक फोटो घेते. बावळटपणा वाटतो, पण संध्याकाळी संगणकावर पाच सारख्या दिसणाऱ्या फोटोंपुढे डोकं धरून बसावं लागत नाही. ४४-२ वर अॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत: एकीने मर्यादा ठरवायची, दुसरीने पाती उघडायची-मिटायची. पहिल्या दिवशी मी एकच रिंग फिरवत बसले आणि सगळे फोटो एफ/२ वर निघाले.

या दुपारी शोधायचं असतं ते लेन्सचं वैशिष्ट्य. तीक्ष्णपणा सगळ्याच लेन्स एफ/८ ला दाखवतात, त्यात विशेष काही नाही. हेलिओसमागे लोक लागतात ते गरगरणाऱ्या पार्श्वभूमीसाठी. कडेकडून येणारा प्रकाश लेन्सच्या नळकांड्यात अडतो, त्यामुळे कडेचे ठिपके गोल न राहता डोळ्याच्या आकाराचे होतात आणि मध्यबिंदूभोवती फेर धरल्यासारखे दिसतात. हा खेळ एफ/२ ला भरात असतो आणि ५.६ ला संपलेला असतो. मागे मोकळं आकाश किंवा सपाट भिंत असेल तर काहीच दिसत नाही. एपीएस-सी या फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर कडा कापल्या जातात, त्यामुळे परिणाम निम्मा होतो. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण लेन्स बनावट निघाली म्हणून कुरकुरत बसतात.

फोकससाठी पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या, रंगीत रेघांवर फार विसंबू नका. उघड्या अॅपर्चरला त्या रेघा आजूबाजूलाही उमटतात. व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करायचं, रिंग अंदाजाने लावायची आणि मग स्वतः किंचित मागेपुढे डुलायचं. एफ/२ ला मीटरभरावर रिंग हलवण्यापेक्षा कंबर हलवणं जास्त अचूक जातं.

नवी लेन्ससुद्धा नको असेल तर याहून स्वस्त उपाय आहेत. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसवायच्या एम४२ च्या एक्स्टेन्शन नळ्यांचा संच बहुधा ७, १४ आणि २८ मिलिमीटरचा असतो. नळीची लांबी भागिले फोकल लेंग्थ म्हणजे मिळणारं मोठेपण: तिन्ही नळ्या ५८ च्या लेन्सला लावल्या तर ४९ भागिले ५८, म्हणजे साधारण ०.८ पट. नळीत काच नसते, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नाही. लेन्स उलटी लावायची कडीही मिळते, आणि उलटी लावल्यावर वाइड (एरवी रुंद दृश्य टिपणारी) लेन्स जास्त मोठं दाखवते. हे करून पाहायला अॅपर्चरची रिंग असलेली जुनी लेन्सच घ्या. बॉडी कॅपला, म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या झाकणाला, भोक पाडून त्यावर पत्र्यात सुईने केलेलं ०.३ मिलिमीटरचं छिद्र चिकटवलं की पिनहोल तयार. एसएलआरवर ते एफ/१५० च्या आसपास जातं, म्हणजे भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एक सेकंद. सेन्सरवरची धूळ बाकी इथे पूर्ण उघडी पडते. वापरून टाकलेल्या डिस्पोजेबल कॅमेऱ्यातली प्लास्टिकची लेन्स काढायचा मोह मलाही झाला होता. तुम्हाला झाला तर आधी हे वाचा: त्यातल्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास विजेचा साठा असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो राहतो. फ्लॅशवाला कॅमेरा उघडू नका.

संगणकावर

माझं काम रॉथेरपी आणि डार्कटेबल या दोन मोफत साधनांवर चालतं. थर लावायचे किंवा काही पुसायचं असेल तरच जिंप. मोबाइलवर स्नॅपसीड. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्येच काढा. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. जुन्या लेन्सचा फिका फोटो ताणायचा म्हटलं की या २५६ पायऱ्या कमी पडतात आणि आकाशात पट्टे उमटतात.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे फ्लॅट फील्ड. नव्या लेन्सच्या कडांचा काळोख साधनं आपोआप घालवतात, कारण त्यांच्याकडे त्या लेन्सची माहिती असते. आपल्या जुन्या लेन्सची बहुधा नसते, म्हणून ती आपणच तयार करायची. लेन्सवर पांढरा, उजेड आरपार जाईल असा कागद सपाट धरा, ढगाळ आकाशाकडे रोखा, फोकस अनंतावर ठेवा आणि प्रत्येक अॅपर्चरला एक रॉ फोटो घ्या. रॉथेरपीमध्ये रॉ विभागातल्या फ्लॅट फील्डमध्ये त्याच अॅपर्चरची फाइल निवडली की कडांचा काळोख, आणि कोपऱ्यातली रंगाची झाक एका फटक्यात जातात; तिथली ब्लर रेडियस शून्यावर ठेवली तर सेन्सरवरच्या धुळीचे डागसुद्धा. अॅपर्चर मात्र तेच हवं. एफ/२ ला घेतलेला कागदाचा फोटो ५.६ च्या फोटोला लावलात तर कोपरे उजळून पांढरे पडतील. भिंत, कागद, कापड अशा सपाट गोष्टींना मी हे नेहमी करते. चेहऱ्याच्या फोटोला मुळीच करत नाही. काळवंडलेले कोपरे तिथे आयते मिळालेले असतात, ते कशाला घालवा?

दुसरं काम काळ्याचं. जुन्या लेपाच्या काचेत प्रकाश आतल्या आत उडतो आणि सावल्यांवर राखाडी पडदा धरतो. हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती पिक्सेल आहेत तो आलेख) डावीकडच्या कडेपासून लांब उभा राहिलेला दिसेल. अशा वेळी कॉन्ट्रास्टचा स्लायडर ओढू नका, ब्लॅक पॉइंट, म्हणजे पूर्ण काळं जिथून सुरू होतं ती खूण, तेवढी आत आणा, हिस्टोग्राम कडेला टेकेपर्यंत. निम्मा फोटो तिथेच उठतो. क्लॅरिटी (उठाव वाढवणारा) आणि डीहेझ (धुरकटपणा घालवणारा) या स्लायडरांच्या नादी मी एक अख्खं वर्ष लागले होते. त्या वर्षातले माझे सगळे फोटो उकळत्या पाण्यातून काढल्यासारखे दिसतात, आणि मागचे मऊ ठिपके तारेच्या वेटोळ्यासारखे.

रंगीत कडांचे प्रकार दोन. फोटोच्या कडेला एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळसर रेघ दिसते, ती साधनातल्या एका टिचकीने जाते. फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी झाक येते, ती सहजी जात नाही. ती झाक काढणारं डीफ्रिंज जोरात लावलं की जांभळ्या फुलाच्या पाकळ्या राखाडी होतात. त्यापेक्षा काढतानाच एफ/४ ला काढा.

शार्पनिंगबद्दल, म्हणजे कडा तीक्ष्ण करण्याबद्दल, माझं मत थोडं कडक आहे. एफ/२ ला या लेन्स तीक्ष्ण रेघेवर एक दुधाळ वलय पसरवतात. शार्पनिंग त्या वलयाची कड धरतं आणि प्रत्येक केसाला पांढरी किनार लावतं. त्रिज्या ०.६ ते ०.८ पिक्सेल, जोर मध्यम, एवढ्यावर मी थांबते. आधी फोटो लहान करून बघा: ६,००० पिक्सेल रुंदीचा फोटो २,००० वर आणला की नऊ पिक्सेलचा एक होतो, आणि ज्याला आपण मऊपणा म्हणत होतो त्यातला बराचसा दिसेनासा होतो. शार्पनिंग करायचं ते त्यानंतर, लागलंच तर.

रात्री अकरानंतर सॅच्युरेशनला हात लावायचा नाही, हा घरचा नियम. थकलेल्या डोळ्यांना रंग कमीच वाटतात. डार्कटेबलमध्ये फोटोची दुसरी प्रत करून ठेवते, सकाळी दोन्ही शेजारी लावते, आणि बहुतेक वेळा रात्रीची पुसून टाकते.

प्रत्येक लेन्सच्या झाकणात मी एक चिठ्ठी ठेवते. हेलिओसच्या चिठ्ठीवर आहे: “२ किंवा २.८, सव्वा मीटर, मागे पानं, उजेड पाठीमागून, पण चौकटीबाहेर.” उलट्या लावायच्या २८ मिलिमीटरच्या चिठ्ठीवर: “एफ/८, मुंग्या नकोत, बिया घे.” १३५ ची चिठ्ठी दोन वर्षं झाली तरी कोरीच आहे. एफ/४ ला मागचा उजेड तिच्यात काहीतरी वेगळं करतो असा मला संशय आहे. या रविवारी ढग नसले तर बघते.