फ्लॅट स्कीममध्ये इफ्तार ठेवायची तर

इफ्तार म्हटलं की पुढाऱ्यांचा मंडप डोळ्यांसमोर येतो. हार, टोप्या, फोटोग्राफरची धावपळ, आणि दिवसभर रोजा धरलेली माणसं मागच्या रांगेत. तसली इफ्तार कशी ठेवायची ते इव्हेंटवाले सांगतील. मी सांगतेय ती नागपुरातल्या आमच्या उमरेड रोडच्या फ्लॅट स्कीममधली, पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरून केलेली, चाळीस-पंचेचाळीस माणसांची. माझा डब्यांचा धंदा आहे, त्यामुळे कढई आणि हिशेब माझ्याकडे असतात. बाकीचं सगळं शेजारपाजारच्यांचं.

ताजुद्दीनबाबांचा दर्गा, म्हणजे ताजबाग, आमच्यापासून जवळ. कामठीत 1861 साली जन्मलेल्या ताजुद्दीनबाबांना नागपूरच्या भोसले राजांनी आपल्या वाड्यात ठेवून घेतलं होतं. बाबा 1925 साली गेले, तरी दर्ग्यात आजही हिंदूंची गर्दी असते. आमच्या घरचेही नवस बोलायला तिथेच जातात. पण त्या दर्ग्यात डोकं टेकवणाऱ्या आमच्यातल्या कित्येकांनी समोरच्या दारातल्या मुसलमान घरी कधी घोटभर चहा घेतलेला नसतो. हा सगळा खटाटोप त्यासाठी.

तारीख आणि घड्याळ

रमजानचे दहा-दहा दिवसांचे तीन अशरे असतात. मधल्या अशऱ्यातला रविवार धरा. पहिल्या दिवसांत अंगाला उपाशी राहायची सवय होत असते. शेवटच्या दहांत कोणी मशिदीत एतिकाफला, म्हणजे एकांतात इबादतीला बसतं, शब-ए-कद्रच्या पवित्र रात्रीची जागरणं असतात, आणि ईदच्या खरेदीनं मोमीनपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. अशा वेळी शेजाऱ्याला पंगतीला बोलावणं म्हणजे त्याच्या जिवाला घोर.

वेळेचा घोळ मात्र कोणाचाही होतो. नागपूरचा सूर्य मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटं आधी मावळतो. मोबाइलवर मुंबईची वेळ बघून बसलात तर तुमचे पाहुणे रोजा सोडून, नमाज पढून मोकळे होतील आणि तुमची भजी अजून कढईतच असतील. मशिदीत, किराणा दुकानात सहेरीचं (पहाटे रोजाआधीचं खाणं) आणि इफ्तारचं छापील वेळापत्रक मिळतं, त्यावर नागपूर लिहिलेलं असेल तेच घ्या. फेब्रुवारीच्या मध्यात ही वेळ सव्वासहाच्या आसपास असते, मार्चच्या मध्यात साडेसहाच्या थोडी आधी. शिया कुटुंबं काही मिनिटं थांबून रोजा सोडतात. बोहरी घरांचं कॅलेंडर आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे त्यांचा रमजान बहुतेकदा एखाद-दोन दिवस आधी लागतो. ज्यांना बोलावणार त्यांनाच सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकीच्या पाहुण्यांना सहाची वेळ द्या. "साडेसहाला इफ्तार आहे" असं सांगितलं की नागपूरकर पावणेसातला फोनवर "आलोच" म्हणतो आणि तेव्हा कुठे चप्पल शोधायला लागतो. ही पंगत त्याच्यासाठी थांबत नाही.

बोलावणं

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर बोलावणं टाकू नका. दारात जा, बेल वाजवा, बाईमाणसाला आणि घरातल्या म्हाताऱ्यांना वेगळं सांगा. हळदीकुंकवाला जातो तसंच. आणि प्रत्येक घरचा फोन नंबर त्याच वेळी घ्या. 17 मार्च 2025 ला, ऐन रमजानात, नागपूरच्या महाल भागात दंगल झाली आणि शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. त्या रात्री आम्ही एकमेकांना फोन केले ते ज्यांचे नंबर होते त्यांनाच. "दूध आहे का घरी? औषध आहे का?" एवढंच बोलणं. ग्रुपवर तेव्हा जे फिरत होतं ते इथे लिहिण्याच्या लायकीचं नाही.

पैशांचं म्हणाल तर बॅनर नको, प्रायोजक नको, नगरसेवक नको. प्रत्येक घरानं एक जिन्नस वाटून घ्यायचा. कोणी जकातीचे पैसे देऊ केले तर नम्रपणे परत करा. जकात गरजूंसाठी असते, आपल्या खात्यापित्या शेजाऱ्यांच्या भज्यांसाठी ती वापरता येत नाही.

काय रांधायचं

इथे माझा अनुभव चालतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली इफ्तार पूर्ण शाकाहारी ठेवा. मटण हवं तर ते जबीहाच, म्हणजे हलाल पद्धतीनं कापलेलंच लागतं, त्यासाठी खाटीक वेगळा, भांडी वेगळी, आणि मग माळकरी आजोबा खालीच उतरत नाहीत. रोजा सोडायला मटण लागतंच हा आपला समज. लागतं पाणी आणि खजूर.

पंचेचाळीस माणसांना दीड किलो खजूर पुरतो, माणशी तीन धरून. काबुली चणे अडीच किलो, आदल्या रात्री भिजत घातलेले. टरबूज, पपई, केळी, संत्री मिळून दहा किलो फळं कळमन्याच्या बाजारातून आणायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची संत्री बाजारात असतात, तेव्हा दुसरीकडून आलेलं सफरचंद कापत बसण्यात काय अर्थ आहे? संत्र्याच्या फोडी मात्र बिया काढून द्या. दिवसभर कोरड्या पडलेल्या तोंडात बी आली की माणूस वैतागतो. सरबत पंधरा-अठरा लिटर, त्यात निम्मं लिंबाचं. मार्चमध्ये कैऱ्या आल्या असतील तर पन्हं करा, त्याच्यासारखं काही नाही. जेवणाला चार किलो तांदळाचा पुलाव आणि दही. भज्यांच्या जोडीला आम्ही सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) करतो आणि ती सगळ्यांत आधी संपते. सावजीचा रस्सा कितीही आवडता असला तरी या दिवशी नाही. तेरा-साडेतेरा तासांच्या रिकाम्या पोटात तो ओतणं हा गुन्हा आहे.

जेली, पुडिंग असलं काही आणणार असाल तर पाकिटावर हिरवा ठिपका बघा. नसेल तर त्यातलं जिलेटिन कशाचं आहे कळत नाही, आणि ते मुसलमानांना चालत नाही तसं आमच्या जैनांनाही.

भज्यांचा घाणा पावणेसहानंतरच काढा. आधी तळून ठेवलीत तर ती अजानपर्यंत चामट होतात.

आता मिठाची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी चण्यांना फोडणी देतात. रोजा असल्यामुळे त्या चाखत नाहीत. कढईत डाव फिरवतात, वास घेतात, वाफेकडे बघतात, आणि मग डावात चार चणे घेऊन माझ्यापुढे धरतात. "ताई, नमक देखो जरा." मी फुंकर घालून खाते, त्या माझ्या तोंडाकडे बघत असतात. मी म्हटलं "थोडं अजून", की चिमूट टाकतात आणि पुन्हा डाव पुढे. दहा जणांनी मिळून केलेल्या स्वयंपाकात रोजा नसलेलं एक तरी माणूस चुलीपाशी हवंच, आणि हे काम तुमच्यातल्या सगळ्यांत बुजऱ्या बाईला द्या. एका संध्याकाळीत ती मोकळी होते.

भांड्यांचा प्रश्न इतवारीतल्या पत्रावळी आणि द्रोण सोडवतात. कोणाचं ताट, कोणाची वाटी, कशात काय शिजलं होतं, सगळी कुजबुज तिथेच थांबते.

आता खरी अडचण. आमच्या जैन काकू सूर्यास्तानंतर खात नाहीत, आणि इफ्तार सुरूच होते सूर्यास्ताला. कांदा-लसूण-बटाटा टाळणं सोपं, सूर्य कसा टाळणार? आम्ही असं करतो: पावणेसहाला त्यांची पत्रावळ आधी वाढायची, बिनकांद्याचे चणे, पुलाव, फळं. रोजा असलेल्यांसमोर एकटीनं खायचा काकूंना संकोच वाटायचा, तर भाभींनीच समोर बसून वाढलं, "आप खाओ, मेरा तो आधा घंटा है अभी." त्यांचं आटोपतं, त्या तोंड धुऊन येतात आणि मग खजुरांच्या ताटल्या वाटायचं काम त्यांच्याकडे. सगळ्यांनी एकाच वेळी एकच खाल्लं पाहिजे हा हट्ट सोडला की पुष्कळ गोष्टी सुटतात. मधल्या अशऱ्यात पौर्णिमा येते. त्या दिवशी अष्टशील पाळणारे बौद्ध शेजारी दुपारनंतर जेवत नाहीत, ते सरबत घेऊन गप्पांना बसतात. रमजानच्या सोळा-सतरा तारखेच्या आसपास संकष्टी येते. ती धरणाऱ्या बायका रात्री नऊच्या सुमारास चंद्र बघूनच जेवणार, तर त्यांचा पुलाव डब्यात घालून द्या.

अजान ते नमाज

शेवटची पाच मिनिटं गडबड बंद. कढई खाली, मिक्सर बंद, सगळे बसलेले. ही दुआची वेळ असते. आपण काही म्हणायचं नाही, फक्त मोबाइल खिशात ठेवायचा. अजान ऐकू आली की आधी रोजा असलेले, मग आपण. सगळ्यांत आधी छोट्या मुलांच्या हातात खजूर द्या. त्यांच्यातल्या कोणाचा तो पहिला रोजा असू शकतो, आणि तसं असेल तर त्याचं कौतुक करायला सगळी स्कीम हवी.

लगेच मगरीबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज. ती थोडक्यात आटोपते, पण तयारी आधीची हवी. वजूसाठी (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुणं) नळ आणि कोरडी पायपुसणी, धुतलेल्या स्वच्छ चादरी, बायकांसाठी पडदा किंवा तळमजल्यावरची खोली. दिशा पश्चिम, किंचित उत्तरेकडे झुकलेली. मक्का आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे फार गणित लागत नाही. समोर फोटो, आरसे नकोत. नमाज पढणाऱ्याच्या पुढून जाऊ नका, व्हिडिओ काढू नका. आमच्या स्कीमच्या मारुतीची आरती सातला होते. ती कधी पुढे ढकलली नाही, कोणी ढकला म्हटलंही नाही. तोवर नमाज झालेली असते आणि पुलाव वाढायला घेतलेला असतो.

काय बोलायचं

भाषण नको. मौलवीसाहेबांचं नको, सेक्रेटरीचं तर नकोच. "पाणीसुद्धा नाही?" हा प्रश्न प्रत्येक नवा पाहुणा विचारतो, विचारू द्या, रोजेदार माणसाला त्याची सवय असते. पण "तुमचा रोजा का नाही?" हे कोणालाही विचारायचं नाही. पाळी असते, गरोदरपण असतं, साखर असते, प्रवास असतो. या सगळ्यांना सूट आहे आणि त्याचा खुलासा पार्किंगमध्ये कोणी देणं लागत नाही.

गप्पा सुरू करायला माझा एक हमखास विषय आहे: तुमच्या घरी उपास कसा करतात? एकादशी दुप्पट खाशी इथपासून सुरुवात होते. जैन काकू पर्युषणाचं सांगतात. दुसऱ्या मजल्यावरच्या ख्रिस्ती नर्सबाई ईस्टरआधीच्या लेंटच्या चाळीस दिवसांत मटण सोडतात. मग कोणीतरी विचारतंच की रमजान दरवर्षी मागे का सरकतो. दोन्ही पंचांगं चंद्राची, पण आपलं अधिक मास घालून ऋतूशी जुळवून घेतं, हिजरी घेत नाही. म्हणून ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतं. 2024 ला पाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 ला होती, 2025 ला पाडवा 30 मार्चला आणि ईद लगेच 31 ला. त्या दोन्ही वर्षी होळीही रमजानातच आली. 2026 च्या अधिक ज्येष्ठामुळे ही जोडी सुटते. हे सांगितल्यावर आमच्या पंचांगवाल्या आजोबांनी मोबाइलवर हिजरी कॅलेंडर उघडलं आणि पुढचा अर्धा तास ते आणि भाभींचे सासरे दोघंच बोलत होते.

राजकारणाचा विषय निघालाच तर कोणालातरी पुलाव वाढायला उठवा. सोपा उपाय आहे, आणि नेहमी चालतो.

आवरणं

साडेसात-पावणेआठला पंगत उठली पाहिजे. पुढे ईशाची, म्हणजे रात्रीची नमाज आणि मग तरावीह ही रमजानातली जादा नमाज असते, ती लांबते, आणि पहाटे पुन्हा सहेरीला उठायचं असतं. "बसा हो, काय घाई आहे" हा आपला आग्रह त्या दिवशी आवरा. उरलेला खजूर आणि न कापलेली फळं मेयो किंवा मेडिकल या सरकारी दवाखान्यांत पेशंटच्या नातेवाइकांना देता येतात. शिजलेलं अन्न रात्रीच चौकीदाराकडे, कामवाल्या मावशींकडे पोचवा. उन्हाळा लागलेला असतो, सकाळपर्यंत ठेवू नका.

2027 ला रमजान फेब्रुवारीच्या आठ-नऊ तारखेच्या आसपास लागेल, चंद्र दिसेल तसा. माघातली लग्नसराई तेव्हा ऐन भरात असणार, मोठी कढई आणि शेगडी भाड्यानं मिळायची मारामार. डेकोरेशनवाल्याला दिवाळीतच सांगून ठेवा आणि शंभर-दोनशे रुपये विसार देऊन ठेवा.