बीएस-एमडीची सीट मिळाली, तर १ मेपर्यंत काय काय तपासाल

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी रात्रपाळीला निघाले होते, तेवढ्यात लेक जिन्यावरून धावत खाली आली. सात वर्षांच्या बीएस-एमडीची सीट मिळाल्याची ईमेल होती. सतराव्या वर्षी कॉलेज आणि मेडिकल स्कूल, दोन्हींची ॲडमिशन एकदम. मी हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत सांगलीहून जाऊबाईंचा फोन येऊन गेला, आणि इथे न्यू जर्सीत, एडिसनमध्ये मैत्रिणींच्या ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली. मी नवऱ्याला एवढंच म्हटलं, पेढे १ मेनंतर. कॉलेजला होकार कळवायची ती शेवटची तारीख, म्हणजे हाताशी पाच आठवडे होते. ते आम्ही कसे वापरले ते लिहिते, कारण दरवर्षी मंडळाच्या गुढीपाडव्याला कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन हेच विचारतं.

भारतातल्या नातेवाइकांना आधी एक सांगावं लागतं. तिकडे बारावीनंतर नीट, मग साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप की एमबीबीएस. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग पुन्हा अर्ज आणि मुलाखती, आणि त्यानंतर चार वर्षांचं मेडिकल, म्हणजे एमडी (इथे डॉक्टरकीची पहिली पदवी हीच). हा मधला उंबरठा कठीण आहे. वर्षाला साधारण ५२ हजार जण एमडीसाठी अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास आत जातात. एकत्रित प्रोग्रॅम हा उंबरठा आधीच ओलांडून देतो. ब्राउन विद्यापीठाचा आठ वर्षांचा आहे, मिझुरीत कॅन्सस सिटीला १९७१ पासून सहा वर्षांचा चालतो, आणि आमच्या न्यू जर्सीत तीन अधिक चार असे सात वर्षांचे आहेत. नाव एकच असलं तरी आतला करार प्रत्येकाचा वेगळा, आणि तोलायचा असतो तो करार.

मी रक्तपेढीत काम करते. तिथे पिशवीवरचं लेबल दोघांनी स्वतंत्र वाचून जुळल्याशिवाय रक्त पेशंटकडे जात नाही. घरी आम्ही तेच केलं. पत्राच्या आणि अटींच्या पुस्तिकेच्या दोन प्रती काढल्या. एक मी वाचली, एक लेकीने, वेगवेगळ्या खोल्यांत. प्रत्येकीने आपल्याला समजलेल्या अटी वहीत लिहिल्या आणि मग वह्या शेजारी ठेवल्या. तीन ठिकाणी आमचं जुळलं नाही. तिला वाटलं होतं की एमकॅट द्यायचीच नाही. प्रत्यक्षात द्यायची होती, फक्त ठरावीक गुणांच्या वर असलं की पुरे होतं. हे आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

काय शोधायचं ते सांगते. जीपीए, म्हणजे कॉलेजच्या गुणांची चारपैकी सरासरी, किती टिकवायचा, आणि तो सगळ्या विषयांचा की विज्ञानाचा वेगळा. दरवर्षी मोजतात की शेवटी. एका विषयात सी ग्रेड आली तर काय. एमकॅट आहे का, असली तर किती गुण (ही परीक्षा ४७२ ते ५२८ मध्ये मोजतात). हायस्कूलमधल्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांचं क्रेडिट मेडिकलची बाजू धरते की ते विषय कॉलेजात पुन्हा घ्यावे लागतात. आजारपणात एक सत्र सोडावं लागलं तर सीट राहते का. आणि दुसऱ्या मेडिकल स्कूलला अर्ज केला तर ही सीट जाते का.

जीपीएची अट मी हलकी घेत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा अशाच प्रोग्रॅमला गेला. दुसऱ्या वर्षी त्याचे आजोबा गेले, तो दोन आठवडे नाशिकला होता. परतल्यावर ऑरगॅनिक केमिस्ट्री घसरली, ३.५ हवा होता आणि ३.४६ झाला. कागदावर सवलतीची वाट नव्हती, त्यामुळे सीट गेली. मुलगा हुशारच होता, पुढे नेहमीच्या मार्गाने डॉक्टर होतो आहे. पण ते वर्ष त्या घराने फार वाईट काढलं. म्हणून चुकून घसरलं तर दुरुस्तीला एक सत्र मिळतं का, हा प्रश्न आधी विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर गोड बोलतात, पण माणसं बदलतात.

तुमच्या प्रोग्रॅममध्ये एमकॅट टळली म्हणजे परीक्षा टळल्या, असं मात्र समजू नका. साडेसात तासांच्या त्या एका दिवसाची भीती जाते, हे खरं. पण मेडिकलमध्ये यूएसएमएलई, म्हणजे डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा, आहेच. तिची पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाली, दुसरीला अजून गुण आहेत आणि रेसिडेन्सीवाले, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात प्रशिक्षणाला घेणारे, ते बघतात. मूल अभ्यासू आहे पण मोठ्या परीक्षेत हातपाय गाळतं, एवढ्यासाठीच सीट घेत असाल तर अडचण चार-पाच वर्षं पुढे सरकते, संपत नाही.

आता पैसा. इथे घाई करू नका. कॉलेजच्या स्कॉलरशिपचा आकडा पत्रात ठळक असतो, मेडिकलच्या फीचा नसतो. खासगी मेडिकल स्कूलची नुसती फी बहुतेक ठिकाणी वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर आहे. राहणं, जेवण, विमा धरला की ९० हजार सहज होतात. जुलै २०२५ मध्ये कायदा बदलला. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचा पूर्ण खर्च भागवणारं सरकारी कर्ज) बंद, आणि मेडिकलसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण दोन लाख डॉलरपर्यंतच. म्हणजे ९० हजारांतले ४० हजार दरवर्षी दुसरीकडून आणायचे, चार वर्षांत एक लाख साठ हजार. खासगी बँक कर्ज देईल, पण बहुधा आईबापांची सही मागेल, आणि सरकारी कर्जात सरकारी किंवा ना-नफा संस्थेत दहा वर्षं नोकरी केल्यावर उरलेलं माफ व्हायची जी सोय आहे ती तिथे नाही. आम्ही वहीत दोन रकाने आखले आणि सातही वर्षांचे आकडे मांडले. घरावरचं कर्ज आणि धाकट्याचं कॉलेजही त्यातच धरलं. मुलांना हे दाखवायला आपण संकोचतो. दाखवा. कर्ज त्यांच्याच नावावर असणार आहे.

बंद होणाऱ्या दारांचीही किंमत असते. न्यूयॉर्क विद्यापीठाने २०१८ पासून मेडिकलची फी माफ केली. ब्राँक्समधल्या आइनस्टाइन मेडिकल कॉलेजची २०२४ मध्ये एका देणगीतून झाली. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सने तीन लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांची फी काढून टाकली. सीट बांधील असेल आणि बाहेर अर्ज केल्यावर ती जात असेल, तर तुमचं मूल हे दरवाजे सतराव्या वर्षीच ओढून घेतं. खात्रीसाठी ते करायला हरकत नाही, फक्त माहीत असून करावं. आणि नकार दिला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. काही मेडिकल स्कूल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात आगाऊ प्रवेश देतात. माउंट सायनायचा फ्लेक्समेड त्यातलाच, आणि तिथेही एमकॅट लागत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला स्वतःबद्दल सतराव्या वर्षापेक्षा बरंच जास्त कळलेलं असतं.

ज्यांचं मूल अजून एच-४ वर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून आहे त्यांनी बाकी सगळ्याआधी हे बघावं. बरेच प्रोग्रॅम नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाच (कायम राहण्याचा परवाना असलेल्यांनाच) घेतात. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, मग एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करावा लागतो, आणि सरकारी कर्ज मिळत नाही. सात वर्षांच्या प्रोग्रॅममध्ये एकविसावं वर्ष नेमकं मेडिकलच्या उंबरठ्यावर येतं. तेव्हा स्टेटस बदललं तर सीट राहील का, हे लेखी विचारा. आमचं ग्रीन कार्ड लेक दहावीत असताना आलं, पण माझ्या एका मैत्रिणीच्या घरी या एका प्रश्नावर सगळा निर्णय फिरला.

हे सगळं झाल्यावर लेकीशी बोलायचं राहिलं होतं. मी ते शेवटी ठेवलं, ती चूक झाली. तुम्ही पहिल्याच आठवड्यात करा. "तुला डॉक्टर व्हायचंय ना?" असं विचारू नका, त्याला सगळी मुलं हो म्हणतात. मी तिला विचारलं, तू दोन उन्हाळे नर्सिंग होममध्ये काम केलंस, त्यातला कुठला दिवस तुला पुन्हा हवा आहे? तिने लगेच सांगितलं. तिथल्या एका बहिऱ्या आजोबांना औषध बदललं आहे हे कुणालाच समजावता येत नव्हतं. तिने फोनवर बघून चार खुणा शिकून घेतल्या, आणि त्यांनी तिचा हात धरून ठेवला. तेव्हापासून तिला अमेरिकन साइन लँग्वेज नीट दोन वर्षं शिकायची होती. मला हे माहीतच नव्हतं.

आम्ही प्रोग्रॅमचा तीन वर्षांचा आराखडा काढला. दर सत्राला पाच विषय, दोन उन्हाळे भरलेले. साइन लँग्वेजला जागा कुठेच नव्हती. दुसरीकडे राज्य विद्यापीठाची साधी चार वर्षांची ॲडमिशन होती, तिथे ती भाषा होती, पण पुढची सीट नव्हती.

मग आम्ही तिघांनी जेवणाच्या टेबलावर बसून ईमेल लिहिली. लिहिली लेकीने, तिच्याच नावाने, कारण अशा पत्रांवर आईबापांची सावली दिसली तर उत्तरं आखडतात. चार प्रश्न होते. गेल्या पाच वर्षांत आत आलेल्यांपैकी मेडिकलपर्यंत किती पोहोचले? जीपीए घसरल्यास दुरुस्तीला मुदत आहे का? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलता येईल का? आणि पहिला टप्पा तीनऐवजी चार वर्षांत केला तर सीट टिकेल का?

तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्या विद्यार्थिनीशी लेक दार लावून तासभर बोलली, मी काय ते विचारलं नाही. पहिल्याचा आकडा मिळाला, दुसऱ्याला एका सत्राची मुदत मिळाली. चौथ्यासाठी थांबायला सांगितलं, मेडिकलच्या बाजूला विचारावं लागेल म्हणाले. तो आठवडा लांब गेला. या प्रश्नाला नाही आलं तर आपण राज्य विद्यापीठ घ्यायचं, हे लेकीने स्वतःहून वहीत लिहून ठेवलं होतं, तारखेसकट.

२८ एप्रिलला उत्तर आलं. एक वर्ष वाढवता येईल, पहिलं वर्ष संपायच्या आत अर्ज द्यायचा, जीपीएची अट तीच. वाढीव वर्षाचा खर्च मी वहीत धरला. तो राज्याच्या दराने होता, झेपणारा होता. ती ईमेल छापून आम्ही करारासोबत फायलीत लावली. ३० तारखेला रात्री लेकीने डिपॉझिट भरलं, आणि पहिल्या सत्राच्या यादीत केमिस्ट्रीच्या खाली साइन लँग्वेज लिहिलं.